कापणार कोण?

पित्ताशयातल्या खड्यांचा खरा त्रास दुखण्याचा नाही. ते माणसाला विचार करायला वेळ देतात, हा आहे. अपेंडिक्स त्या मानाने सज्जन. ते मध्यरात्री सुजतं, ॲम्ब्युलन्स येते, ज्याची ड्युटी असेल तो डॉक्टर हात धुऊन घेतो आणि नातेवाइकांना कळेपर्यंत टाके पडलेले असतात. कुणाला काही सुचवायची संधीच मिळत नाही. खडे तसे नाहीत. ते जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ काढतात, ती पाठीतून खांद्यापर्यंत नेतात, घरभर येरझाऱ्या घालायला लावतात आणि दोनतीन तासांनी असे काही शांत होतात की सकाळी आपलाच आपल्यावर विश्वास बसत नाही. मग पुढची कळ येईपर्यंतच्या मोकळ्या वेळात सल्लागार जमतात.

मी राहते जर्मनीत, श्टुटगार्टजवळच्या झिंडेलफिंगनमध्ये. गाड्यांचा मोठा कारखाना, कारखान्यामुळे इंजिनिअर, इंजिनिअरांमुळे मराठी मंडळी आणि मराठी मंडळींमुळे दर चतुर्थीला साबुदाणा, असा आमच्या गावाचा विकास झालेला आहे. इथल्या फॅमिली डॉक्टरीणबाईंनी स्वतःच सोनोग्राफी केली आणि पडद्यावरचे खडे अशा कौतुकाने दाखवले की पेढे वाटावेत की काय असं वाटलं. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना या दुखण्याचे पाच इंग्रजी 'एफ' पाठ करायला लावतात : फीमेल, फॉर्टी, फॅट, फर्टाइल, फेअर. मी गोरी नाही, एवढंच इथे नमूद करते.

"त्रास होतोय, तेव्हा काढून टाका," बाई म्हणाल्या. "ही चिठ्ठी. हॉस्पिटल तुमचं तुम्ही निवडा."

पुण्याला फोन केला. सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला. कधी, कुठे, फार दुखतंय का, यातलं काही नाही.

"सर्जन कोण?"

"अजून माहीत नाही, आई. इथे तसं नसतं. हॉस्पिटल आपण ठरवायचं, त्या दिवशी ज्याची पाळी असेल तो करतो."

पलीकडे जरा वेळ नुसता पंख्याचा आवाज आला. मग त्या सासऱ्यांना म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? हिला कुणीही कापणार आहे."

त्यांना हसण्यात अर्थ नाही. सर्जन निवडण्याचं आमच्याकडे एक परिपूर्ण शास्त्र आहे, फक्त त्यात शस्त्रक्रियेचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. आधी पाहायचं ते हाताला गुण आहे का. हा गुण कुठल्या विद्यापीठात मिळत नाही आणि एकदा आहे असं ठरलं की दोनचार पेशंट दगावले तरी जात नाही. त्या पेशंटांची वेळ भरलेली असते. मग ओळख. ओळख थेट असावी असं नाही. मेव्हण्याच्या साडूच्या सोसायटीत सर्जनचे वडील राहत होते, एवढं पुरतं. मग आवाज खाली आणून सांगायची गोष्ट, म्हणजे "आपल्यातलेच आहेत." पित्ताशयाला जात कळत नाही, पण ज्यांचं पित्ताशय शाबूत असतं त्या नातेवाइकांना कळते. आणि यांत सर्वश्रेष्ठ प्रमाणपत्र कुठलं? "ते उगाच कापत नाहीत हो!" सर्जनची याहून मोठी स्तुती मराठीत उपलब्ध नाही. न कापण्याबद्दल ज्याची ख्याती आहे त्याच्याकडूनच कापून घ्यायचं, अशी आपली पद्धत.

सांगलीच्या आत्याचा तर कापण्यालाच विरोध होता. तिने कुळथाचं कढण सांगितलं. मुतखडा वेगळा आणि हा खडा वेगळा, दोघांचे रस्ते वेगळे, हे मी समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, "खडा तो खडा." तिच्या ओळखीच्या एका बाईंनी रात्री पेलाभर ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस घेतला होता आणि सकाळी हिरवे हिरवे खडे पडले होते, त्यांनी ते धुऊन, बरणीत घालून गल्लीला दाखवले होते. असे गोळे पडतात हे खरं आहे. ते खड्यांचे नसतात. पोटात तेलाचा साबण होतो, त्याचे असतात. पण बरणी पाहिलेल्या आत्याला रसायनशास्त्र सांगणारी मी कोण?

इकडे जर्मनीतही एकटेपणा जाणवला नाही. मंडळाचा कार्यक्रम होता, भाड्याच्या हॉलमध्ये घडीच्या टेबलांवर डबे उघडलेले होते, आणि माझ्या ताटात बटाटेवडा नाही हे तिघींनी एकाच वेळी पाहिलं. दहा मिनिटांत समिती बसली.

समितीतले सगळ्यात अभ्यासू सदस्य म्हणजे कारखान्यातले क्वालिटीवाले काका. जर्मन सरकारने २०२४ मध्ये हॉस्पिटलांचा एक ॲटलास काढला होता. कुठल्या हॉस्पिटलात कुठल्या प्रकारच्या किती केसेस होतात, पेशंटांच्या मानाने नर्सेस किती, हे त्यात घरबसल्या बघता यायचं. काकांनी तिथल्या तिथे आसपासच्या सगळ्या हॉस्पिटलांचा तक्ता मांडला. देशात वर्षाला पावणेदोन लाखांच्या आसपास पित्ताशयं निघतात, त्यातली आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला किती, असं त्यांचं चाललं होतं. तक्त्यात सगळं होतं. सर्जनचं नाव तेवढं नव्हतं. "नाव कशाला हवंय?" काका म्हणाले. "प्रोसेस बघायची. गाडी घेताना फिटरचं नाव विचारता का?" यावर त्यांच्या बायकोने त्यांना आठवण करून दिली की सोलापूरला स्वतःच्या गुडघ्यासाठी ते डॉक्टरच्या वडिलांची पत्रिका सोडून सगळं बघून आले होते.

एका वहिनींचा भर पदव्यांवर होता. जर्मनीत हा नाद करण्यासारखा आहे, कारण इथे दारावरच्या पाटीवर 'प्रोफेसर डॉक्टर डॉक्टर' असं लिहिलेलं असतं. छपाईची चूक नसते, माणसाने खरंच दोनदा डॉक्टरेट केलेली असते. पण त्यामुळे आमची पंचाईत झाली. पुण्यात पाटीवर नुसतं कंसात 'लंडन' असलं तरी केस काढायला वेगळी फी देताना वाईट वाटत नाही. फॉरेनला शिकून आलेला डॉक्टर! आता इथे सगळेच फॉरेनचे. शिपायापासून प्रोफेसरपर्यंत फॉरेनचा नाही असा एकही माणूस नाही. निवडायचं कशावरून?

अनुभवी सदस्य एकच होते. त्यांचं पित्ताशय गेल्या वर्षी निघालं होतं आणि चार भोकांच्या खुणा दाखवायची त्यांची तयारी होती. डबे उघडे असल्यामुळे ती टळली. "हॉस्पिटल एकदम उत्तम," ते म्हणाले. मी आशेने पुढे सरकले. सर्जन कोण होता, ते त्यांना आठवत नव्हतं. मात्र पार्किंग प्रशस्त आहे आणि तळमजल्यावरच्या मशीनमधली कॉफी चांगली आहे, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. बायकोने त्यांना भेटायला येताना तिथेच गाडी लावली होती. दुखण्याच्या गप्पांमध्ये परदेशातल्या मराठी माणसाची गाडी शेवटी पार्किंगपाशी थांबते, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

पुण्यात दरम्यान सासऱ्यांनी वेगळी आघाडी उघडली. त्यांचं म्हणणं, विमानात बस आणि इकडे ये. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन मुंबईत जेजेमध्ये डॉ. तेहेमतन उदवाडियांनी १९९० मध्ये केलं, हे त्यांना पाठ होतं. "आपल्या लोकांचा हात बसलाय. तिकडे थंडीत कुठले आलेत इतके पेशंट!"

आता इथे मला माझ्या सासरच्या माणसांशी प्रथमच ज्येष्ठतेच्या मुद्द्यावर वाद घालता आला. कारण झिंडेलफिंगनला अगदी लागून बोब्लिंगन आहे, आणि दुर्बिणीतून पित्ताशय काढायला सुरुवात झाली ती मुंबईत नाही, पॅरिसमध्ये नाही, अमेरिकेत तर नाहीच. १२ सप्टेंबर १९८५ रोजी या बोब्लिंगनमध्ये झाली. एरिष म्यूहं नावाच्या सर्जनने केली. म्हणजे मी नारळ आणायला ज्या गावात जाते, तिथे.

त्याहीआधीची गोष्ट म्हणजे पित्ताशय मुळात पहिल्यांदा काढलं तेही जर्मनीतच. बर्लिनच्या कार्ल लांगेनबूखने १५ जुलै १८८२ रोजी. तोवर डॉक्टर लोक पित्ताशय उघडून खडे तेवढे वेचायचे. लांगेनबूखचा युक्तिवाद असा, की खडे आहेत म्हणून नव्हे, ते खडे तयार करतं म्हणून पित्ताशय काढायचं. त्याशिवाय जगता येईल का, तर येईल. घोडा आणि हत्ती जगतातच की. हत्तीला पित्ताशय नसतं. (गणपतीच्या बाबतीत मतभेद संभवतात. शीर हत्तीचं असलं तरी मोदक जातात ते पोट आपल्यापैकीच कुणाचं तरी आहे.) लांगेनबूखचा तो ४३ वर्षांचा पेशंट ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सिगार ओढत होता अशी नोंद आहे. त्याला कुणी मऊ भात विचारला नसावा.

म्यूहंची गोष्ट मात्र मला रात्री कळ आली की आठवायची. कीलमध्ये कुर्ट झेम नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञाने १९८० मध्ये दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं होतं. त्याच्या दुर्बिणीच्या नादामुळे त्याला म्हणे सहकाऱ्यांनी मेंदू तपासून घ्यायचा सल्ला दिला होता. म्यूहंने त्यावरून स्फूर्ती घेतली, स्वतःच्या डोक्याने एक 'गॅलोस्कोप' बनवला आणि वीतभर चिरण्याऐवजी बोटभर भोकातून पित्ताशय बाहेर काढलं. पेशंट लवकर उठून चालू लागले. १९८६ मध्ये जर्मन सर्जनांच्या परिषदेत त्याने हे सांगितलं, तर थोरामोठ्यांनी त्याची 'मिकी माउस सर्जरी' म्हणून टर उडवली. पुढे एक पेशंट दगावला, कोर्टकचेरी झाली, त्यातून १९९० मध्ये सुटका झाली. तोवर १९८७ मध्ये फ्रान्सच्या ल्यों शहरात फिलिप मूरेने हेच केलं होतं आणि मग सगळ्या जगाला ते एकदम पटलं. ज्या संस्थेने टर उडवली तिनेच १९९२ मध्ये म्यूहंचा सन्मान केला.

माझ्या डोक्यात येई, की सप्टेंबर १९८५ मध्ये आमची समिती बोब्लिंगनच्या त्या पेशंटपाशी असती तर? हाताला गुण आहे का, तर आजवर कुणालाच केलेलं नाही. आधी किती केलीत, तर शून्य. मोठ्या डॉक्टरांचं मत काय, तर वेडा आहे. पार्किंग ठीक असावं. समितीने त्या बिचाऱ्याला उचलून सांगलीला नेलं असतं आणि कुळथावर ठेवलं असतं. ज्या माणसामुळे आज मला वीतभर चिरणार नाहीत, तो आमच्या एकाही कसोटीला उतरला नसता. हे मी फोनवर सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग हे म्यूहं आता कुठे बसतात?" ते २००५ मध्ये गेले, असं सांगितल्यावर त्यांना माझ्या शहराबद्दलचा आदर पुन्हा आवरता घ्यावा लागला.

नाव हवंच असेल तर जर्मनीत एक मार्ग आहे. खासगी विमा असेल, किंवा वरचे पैसे भरायची तयारी असेल, तर विभागाचा प्रमुख, म्हणजे शेफआर्त्स्ट, स्वतः तुमची जबाबदारी घेतो, तसा करार होतो. आमचा विमा सरकारी पद्धतीचा. त्यात ऑपरेशन, भूल, खाट, सगळं येतं. आपण दिवसाला १० युरो भरायचे, तेही वर्षात जास्तीत जास्त २८ दिवस. एवढ्या पैशांत प्रोफेसर मिळावा ही अपेक्षा मलाही जास्त वाटली. नवऱ्याला मात्र चुटपुट लागली. चारचौघांत "प्रोफेसरांनी केलं" म्हणता येणार नाही, हे त्याच्या वेदनेचं स्वरूप होतं. शेवटी काकांचा तक्ता आणि अनुभवी सदस्यांचं पार्किंग या दोन्हींत बसणारं एक हॉस्पिटल आम्ही धरलं.

आदल्या दिवशी समजावणीची मुलाखत असते. कायद्याने लागते. समोर एक तरुण डॉक्टर बसला. तो सीरियातल्या अलेप्पोचा होता. जर्मनीत परदेशातून आलेल्या डॉक्टरांत सगळ्यात जास्त सीरियाचेच आहेत. मला मनातून फार बरं वाटलं. सापडला एकदाचा फॉरेनचा डॉक्टर! त्याने कित्येक पानांचा फॉर्म काढला, पोटाच्या छापील चित्रावर पेनाने चार फुल्या मारल्या आणि बोलायला लागला.

आपल्याकडचे डॉक्टर या प्रसंगी फार सुंदर खोटं बोलतात. "काही नाही हो, अर्ध्या तासाचं काम. परवा घरी." मग खांद्यावर हात ठेवून तीन शब्द, "मी आहे ना!" त्यासाठी तर सगळी ओळखपाळख काढायची असते, फी खरी त्या तीन शब्दांची. इकडे या मुलाने, आवाजात तसूभर चढउतार न करता, रक्तस्राव होऊ शकतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो, पित्त गळू शकतं, मुख्य पित्तनलिकेला इजा होऊ शकते, दुर्बिणीतून जमलं नाही तर पोट उघडावं लागू शकतं, पायात रक्ताची गाठ होऊ शकते, असं ओळीने सांगितलं. पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, त्यामुळे नंतर खांदा दुखतो. तो खांद्याचा दोष नाही. भुलेची डॉक्टर वेगळी आली. तिने दात पडू शकतो हे सांगितलं. नवरा पित्ताशयासाठी आला होता. तो स्वतःचेच दात चाचपून पाहू लागला.

मग त्याने धीर करून विचारलं, "नलिकेला इजा होऊ नये म्हणून तुम्ही काय करता?" यावर त्या डॉक्टरचा चेहरा पहिल्यांदा खुलला. त्याने फॉर्म उलटा केला आणि मागे नवीन चित्र काढलं. पित्ताशयाच्या मानेपाशी चरबी, पडदे, सगळं बाजूला करत जायचं. शेवटी दोनच गोष्टी पित्ताशयात शिरताना दिसल्या पाहिजेत, एक नळी आणि एक धमनी. दोनच्या दोन स्वच्छ दिसेपर्यंत कात्री लावायची नाही. दिसत नसतील तर थांबायचं, वरिष्ठांना बोलवायचं, वेळ पडली तर पोट उघडायचं. "घाई झाली की एक तिसरी गोष्ट कापली जाते," तो म्हणाला. मला ते "मी आहे ना"पेक्षा कमी आवडलं, पण झोप त्यामुळेच लागली.

"म्हणजे उद्या तुम्हीच ना?" मी उठताना विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "उद्या माझी सुट्टी आहे."

सकाळी ऑपरेशन थिएटरच्या दारात मला तिघांनी वेगवेगळं थांबवून नाव, जन्मतारीख आणि कशाचं ऑपरेशन आहे ते विचारलं. आपल्याकडे असं विचारलं तर नातेवाईक पेशंटला उचलून परत नेतील. मग हिरव्या टोपीतली एक उंच बाई आली, हात हलवून तिने आपलं नाव सांगितलं. मास्कवरचे डोळे हसरे होते. "सासूबाईंना सांगायचंय, पुन्हा सांगाल का?" असं मी जर्मनमध्ये जुळवत होते. जर्मनमध्ये अशा वाक्यात मुख्य क्रियापद शेवटी येतं आणि माझं क्रियापद यायच्या आत भूल आली.

जाग आल्यावर खांदा दुखत होता, दात जागेवर होते. संध्याकाळी ताटात गार पाव, चीज, लोणी आणि कॅमोमाइलचा चहा आला. हे ताट पाहून नवऱ्याला माझ्यापेक्षा जास्त त्रास झाला. राउंडला आलेला डॉक्टर तिसराच होता. सगळं उत्तम झालं म्हणाला आणि पित्ताशय तपासणीला पाठवलंय म्हणाला. खडे बरणीत मिळाले नाहीत हे कळल्यावर सांगलीच्या आत्याला ऑपरेशन झाल्याचाच संशय आला.

घरी जाताना हातात डॉक्टरांचं पत्र दिलं. त्याखाली रीतीप्रमाणे तीन नावं. डावीकडे शेफआर्त्स्ट, मध्ये वरिष्ठ डॉक्टर, उजवीकडे ज्युनिअर. शेफआर्त्स्टना मी पाहिलेलं नव्हतं. लिफ्टजवळच्या फ्रेममध्ये त्यांचा फोटो होता, पण तिथे नेमकी कॉफीची रांग असे. संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. टाके, ताप, जेवण, काही नाही.

"पत्रात नाव काय आहे? वाच."

मी डावीकडून सुरुवात केली. "प्रोफेसर डॉक्टर डॉक्टर..."

"थांब," त्या म्हणाल्या, आणि फोन बाजूला धरून, "अहो, प्रोफेसरांनी स्वतः केलं! दोनदा डॉक्टर आहेत."

मी खुलासा करायला तोंड उघडलं. समोरून नवऱ्याने दोन्ही हात जोडले. तेवढ्यात सासऱ्यांनीच फोन घेतला. कोपऱ्यावरच्या दीक्षितकाकांना हर्निया आहे, कुणावर भरवसा बसत नाही, म्हणून गेले वर्षभर पट्टा बांधून फिरतायत. आता हे ऐकून त्यांना जरा धीर आलाय.

"ते एवढंच विचारतायत," सासरे म्हणाले, "हे प्रोफेसर पुण्याला व्हिजिटला येतात का? महिन्यातला एखादा गुरुवार?"